ओळख विकता, तर अडत्याची जबाबदारीही घ्या

प्रति,
व्यापारी ओळखी जुळवून देणारी संकेतस्थळे आणि ॲप चालवणाऱ्या कंपन्यांचे संचालक;
ग्राहक व्यवहार मंत्रालय आणि सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालय, नवी दिल्ली;
महाव्यवस्थापक, जिल्हा उद्योग केंद्र, अकोला



संचालकहो, तुमच्या यादीत तेल्हारा तालुक्यातले किती धंदेवाले आहेत, हे आमच्या नगर परिषदेपेक्षा तुम्हालाच अधिक ठाऊक असेल. डाळवाले, जिनवाले, सरकी-ढेपवाले, कृषी केंद्रवाले, वखर-पास बनवणारे वेल्डिंगवाले, सगळे कुठे ना कुठे नोंदलेले आहेत. काहींनी स्वतः नोंदवले, काहींची नावे तुमच्या माणसाने दुकानासमोर उभे राहून पाटीचा फोटो काढून चढवली. मी त्यातलाच एक. छोटी डाळ मिल आहे, अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने जी मिनी डाळ मिल तयार केली, त्या धर्तीची. हंगामात हर्रासात, म्हणजे लिलावात, तूर घ्यायची, रोलरवर टवका पाडायचा, तेल लावून मुरवायची, पाणी मारून उन्हात वाळवायची, भरडायची. डाळ किराणावाल्यांना, चुणी गोठेवाल्यांना. तुमच्या दोन-तीन संकेतस्थळांवर माझे नाव आहे, त्यातल्या एकावर वर्षाच्या पॅकचे पैसे भरून आहे.

तुमची दुकाने बंद व्हावीत अशी माझी इच्छा नाही. ती बंद झाली तर माझेच नुकसान होईल, ते कसे हे आधी सांगतो; नाहीतर पुढची तक्रार वाचताना तुम्ही म्हणाल, खेड्यातल्या माणसाला नवे काही झेपत नाही.

तेल्हाऱ्यात रेल्वे नाही. तालुक्याच्या कडेने, अडगाव-हिवरखेडवरून, अकोला-खंडवा मीटरगेज जायची. रुंदीकरणासाठी ती २०१७ च्या सुरुवातीला बंद झाली. अकोला ते अकोट ब्रॉडगेज २०२२ मध्ये सुरू झाली, अकोटच्या पुढे मेळघाटातून जायचे की जंगल टाळून सोनाळा-जामोदकडून, या वादात वर्षे गेली. तेव्हा आमचा माल ट्रकने जातो आणि आमची ओळख जाते अकोल्याच्या दलालापर्यंत. माझ्या वडिलांच्या काळी डाळ पुढे हैदराबादला गेली की नागपूरला, हे त्यांना कट्ट्यावर मारलेला शिक्का पुसला गेला की कळायचेच नाही. भाव दलाल सांगेल तो. आज सकाळी चहा घेता घेता मला चार शहरांतले मागणारे भाव दिसतात. ते खरे असतील-नसतील, पण अकोल्याला फोन लावताना माझा आवाज बदललेला असतो, हे दलालालाही जाणवते.

दुसरी गोष्ट सुट्या भागांची. ऐन आवकीच्या दिवसांत मिलचा एमरी रोलर झिजून गेला. एमरी रोलर म्हणजे खरखरीत दगडी लेप दिलेला लोखंडी रूळ. तुरीचे साल त्याच्यावर ओरखडते. तो गुळगुळीत झाला की तूर नुसती गडगडत बाहेर येते आणि डाळीत गोटा राहतो. नेहमीच्या ठिकाणी विचारले तर लेप चढवायला माणूस नाही म्हणाले. रात्री तुमच्यापैकी एका संकेतस्थळावर इंदूरचा कारखानदार सापडला. त्याने फोटो मागितला, शाफ्टची जाडी मागितली, रोलरच्या दोन्ही टोकांचा घेर सुतळीने मोजून पाठवायला लावला. मी पाठवला. त्याने विचारले, "लहान टोकाकडून तूर घालता की मोठ्या?" हा प्रश्न ऐकला आणि माणूस खरा आहे एवढे कळले. रोलर आठवड्यात आला. ही ओळख मला कोणत्याही दलालाने करून दिली नसती, कारण दलालाला रोलरमध्ये काही मिळत नाही.

आमच्या भागातल्या पानपिंपरीचे उदाहरण तर याहून बोलके आहे. अंजनगाव सुर्जी, अकोट, तेल्हारा या पट्ट्यात बारी समाजाची कुटुंबे पानमळ्यासोबत पिंपरीही लावत आली. सुंठ, मिरे आणि पिंपळी मिळून आयुर्वेदातले त्रिकटू होते; त्यातली पिंपळी ती ही. कापूस, तूर, सोयाबीन घेऊन गेले तर बाजार समितीत दहा जण बोली लावतील. पिंपरी घेऊन गेले तर? घेणारे मोजके व्यापारी, आणि खरे गिऱ्हाईक दूर कुठेतरी औषधांच्या कारखान्यात. अशा मालासाठी तुमची संकेतस्थळे म्हणजे वाड्याला नवे दार पाडल्यासारखे झाले. मळ्यातला शिकलेला पोरगा फोनवर फोटो टाकतो आणि औषधवाल्याचा खरेदी अधिकारी थेट त्याच्याशी ओलाव्याबद्दल बोलतो. जिथे माल थोडा, घेणारे थोडे आणि दोघांमध्ये अंतर फार, तिथे तुमचे काम सोन्यासारखे आहे. हे मी मनापासून लिहितो.

नोकरी-व्यवसायाच्या ओळखींचे ते मोठे संकेतस्थळ, लिंक्डइन, त्याचेही थोडे सांगतो. २००३ मध्ये ते सुरू झाले, २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने २६.२ अब्ज डॉलरला विकत घ्यायचा सौदा केला. आमच्याकडे ते पोहोचले कृषी महाविद्यालयांत शिकून पुण्या-हैदराबादेत गेलेल्या पोरांमुळे. एका गावच्या मुलाला त्यावरूनच बियाणे कंपनीत काम लागले. त्याच्या घरात आधी कोणी नोकरीचा अर्ज टपालाने सुद्धा पाठवलेला नव्हता. मी स्वतः तिथे अन्नतंत्रज्ञानातल्या एका निवृत्त माणसाला साठवणुकीतल्या भुंग्याबद्दल विचारले आणि त्यांनी पानभर उत्तर लिहिले, एक पैसा न घेता. आता तिथे मराठीही आली आहे. अर्थात मराठी आली म्हणून मराठीत कोणी लिहिते असे नाही. एक रोलर आणि दोन चाळण्या असलेला माणूसही तिथे 'फाउंडर अँड सीईओ' असतो, बारदान्यावर बसून इंग्रजीत नम्रतेने गहिवरतो, आणि ज्यांनी त्याची डाळ कधी शिजवली नाही ते त्याच्या 'नेतृत्वगुणां'ना शिक्का देतात. चालायचेच, लग्नपत्रिकेत सुद्धा माणसे पदव्या वाढवून छापतात.

आता मूळ विषय.

बाजार जोडण्याचे काम वऱ्हाडाला नवे नाही. अमेरिकेतल्या यादवीने १८६० च्या दशकात तिकडची रुई थांबली आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर आमच्या काळ्या मातीवर पडली. १८७० मध्ये खामगावला आगगाडी आली, त्या समारंभाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः हजर होते. त्याच वर्षी समुद्राखालच्या तारेने मुंबई इंग्लंडला जोडली गेली. लिव्हरपूलचा भाव खामगावच्या पेठेत तारेने यायला लागला. ज्याला तारेची बातमी आधी कळे तो कमावे, ज्याला कळत नसे तो गाडी रिकामी करून घरी जाई. बातमी झाली, ओळख झाली, वेग झाला, आणि त्यासोबत लबाडीही झाली. मापात खोट, नाना नावांची कपात, दोन्हीकडून दलाली. मग काय केले? १८८६ मध्ये कारंज्याला कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजारांचा वेगळा कायदा आला. देशातला अशा प्रकारचा तो पहिला कायदा. दलाल कोण, मापारी कोण, कोणते शुल्क घ्यायचे, यावर समितीची देखरेख. तो कायदा काही शेतकऱ्याच्या कळवळ्याने केलेला नव्हता. समित्यांत व्यापाऱ्यांचाच भरणा होता, शेतकऱ्याला जागा ठेवलेली नव्हती. तरी पुढे १९२८ मध्ये शाही कृषी आयोगाने देशभर नियंत्रित बाजार असावेत असे सांगितले तेव्हा वऱ्हाडचेच उदाहरण समोर होते.

आज आमच्या बाजार समितीत अडत्या व्हायचे तर परवाना लागतो. बोली उघड लागते. रुमालाखाली बोटे धरून भाव ठरवायला बंदी आहे. चुकारा त्याच दिवशी करायचा असा नियम आहे. हे सगळे पाळले जाते का? नाही. तोलाईच्या वेळी किलो-दोन किलो 'मातेऱ्यात' जाते, चुकारा आठ-आठ दिवस लांबतो, हे मी रोज पाहतो. पण नियम मोडला हे म्हणायला नियम आहे. सचिवाच्या टेबलावर जाऊन पावती आपटता येते. तुमच्या बाबतीत कोणाच्या टेबलावर काय आपटावे?

तुम्ही अडत्याचेच काम करता. घेणारा आणि विकणारा यांची गाठ घालता आणि त्याचे पैसे घेता. फरक एवढाच की अडत्या सौदा झाल्यावर अडत घेतो, तुम्ही सौदा होण्याआधी वर्षाचे पैसे घेता. सौदा झाला नाही तर अडत्याला काही मिळत नाही. तुम्हाला आधीच मिळालेले असते. आणि बाजारातल्या मध्यस्थाला कायदा बांधून ठेवतो, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ७९ तुम्हाला मध्यस्थ म्हणूनच संरक्षण देते: लोकांनी जे टाकले त्याची जबाबदारी तुमच्यावर नाही. लोकांच्या गप्पा नुसत्या वाहून नेणाऱ्यासाठी हे संरक्षण मला समजते. पण गिऱ्हाईक निवडून, त्याचा नंबर झाकून, पैसे घेऊन तो उघडून दाखवणारा माणूस नुसता वाहक कसा?

एक रात्र सांगतो. जेवण झाले होते. फोन वाजला: 'तूर डाळ फटका, २ टन, तातडीने, नागपूर'. अशी चौकशी उघडायला माझ्या पॅकमधला एक टोकन जातो. मी उघडली, नंबर आला, लावला. लागेना, व्यस्त. पुन्हा व्यस्त. अर्ध्या तासाने लागला तेव्हा पलीकडचा माणूस रडवेला झालेला. "भाऊ, किती जण फोन करून राहिले! मी तर घरच्या लग्नासाठी भाव पाहून राहिलो होतो. वीस किलो पाहिजे होती. तिथे खाली टनच लिहून येत होतं." म्हणजे त्याने वीस लिहायला घेतले, यादीतले काही दाबले गेले, त्याचे दोन टन झाले, आणि ती एक चौकशी अकोला, लातूर, इंदूर, कुठकुठल्या डाळवाल्यांना विकली गेली. प्रत्येकाचा टोकन गेला. त्या माणसाला तुम्ही काही विचारले नाही. विचारले असते तर चौकशीच उरली नसती आणि विकायला काही राहिले नसते. माझा मुनीम दुसऱ्या दिवशी म्हणाला, "हे गिऱ्हाईक नव्हे जी, हे तं आपल्यासारखंच फसलेलं हाय."

टोकन परत मागितला. उत्तर आले की क्रमांक लागला, संभाषण झाले, म्हणून परतावा बसत नाही.

एकच चौकशी किती जणांना दिली, हे तुम्ही आधी सांगत नाही. अडत्याने एकच पोते पाच जणांना विकले असते तर त्याला बाजारात बसू दिले नसते. तुम्ही म्हणाल, चौकशी म्हणजे माल नव्हे, पाच जणांनी भाव दिले तर घेणाऱ्याचा फायदा. मान्य. हर्रासात सुद्धा पाच जण बोलतात. पण हर्रासात मला समोर दिसते की पाच जण आहेत, आणि बोली लावायचे पैसे पडत नाहीत. मला आधी सांगा की ही चौकशी याआधी अमुक जणांनी उघडली आहे. मग उघडायची की नाही, ते मी ठरवतो.

यादीतल्या क्रमाचेही तसेच. 'तूर डाळ अकोला' शोधले की वर कोण येतो? ज्याने मोठा पॅक घेतला तो. जाहिरात म्हणून तो वर येत असेल तर तक्रार नाही. वर्तमानपत्रात पान विकत घेतात, पण तिथे ते जाहिरात म्हणून कळते. तुमच्याकडे 'विश्वासू', 'अग्रगण्य', 'तपासलेला' असे शिक्के पॅकसोबत येतात. रुमाल बाजार समितीतून गेला आणि तुमच्या पडद्यावर आला.

शिक्क्याने काय होते, ते आमच्या भागातल्या एका तरुण मसालेवाल्याला विचारा. त्याला चौकशी आली: सैन्याच्या कॅन्टीनसाठी हळद-मिरची, मोठी ऑर्डर. बोलणारा हिंदीत, अदबीने. गणवेशातला फोटो, ओळखपत्राचा फोटो, सगळे व्हॉट्सॲपवर. खात्यापुढे तपासल्याची खूण. "आमच्या खात्यातून पैसे यायला आधी आमची पद्धत पूर्ण करावी लागते, हा क्यूआर स्कॅन करा." पैसे घ्यायला स्कॅन करावे लागत नाही आणि पिन तर कधीच टाकावा लागत नाही, हे त्या पोराला माहीत होते. पण ऑर्डर मोठी, शिक्का हिरवा, आणि घरी कर्जाचा हप्ता. दोनदा स्कॅन झाले. सैन्याच्या नावाने होणारी ही फसवणूक देशभर पोलिसांना पाठ आहे. तुम्हाला माहीत नसेल असे होऊच शकत नाही. त्याने सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० वर फोन केला, तक्रार नोंदली. तुमच्याकडे तक्रार केली तर त्या खात्याची खूण काढली आणि दोघांमधल्या व्यवहाराशी आमचा संबंध नाही असे छापील उत्तर आले. पैसे गेल्याचे दुःख त्याला आहेच. त्याहून जास्त राग त्या खुणेचा आहे. ती खूण कसली होती? फोनवर ओटीपी आला आणि त्याने तो टाकला, एवढीच. नंबर चालू आहे याचा तो पुरावा. माणूस खरा आहे याचा नव्हे.

मग तो जाईल कुठे? ग्राहक आयोगात? ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ म्हणतो, व्यापारी हेतूने सेवा घेणारा ग्राहक नव्हे. पोट भरण्यासाठी स्वतः राबून केलेल्या स्वयंरोजगाराला त्यातून सूट आहे, पण मिलवर दोन माणसे ठेवली की तो वाद आधी घालावा लागतो. म्हणजे दुकानातून घेतलेल्या खराब मिक्सरसाठी आयोग आहे, आणि वर्षाचे हजारो रुपये भरून घेतलेल्या पॅकसाठी आधी मी कोण हे सिद्ध करायचे. ग्राहक व्यवहार मंत्रालयाला माझे मागणे हेच: या संकेतस्थळांकडून सशुल्क सेवा घेणाऱ्या सूक्ष्म उद्योगाला ग्राहक मानावे, वादाला जागाच ठेवू नये.

उधारीची गोष्ट आणखी वेगळी. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ प्रमाणे घेणाऱ्याने जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे. नाही दिले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. कायदा कडक आहे. २०१७ मध्ये 'समाधान' पोर्टल आले, तेव्हापासून घरबसल्या तक्रार करता येते. या तक्रारी ऐकणाऱ्या परिषदेचा निकाल विरोधात गेला आणि घेणाऱ्याला कोर्टात जायचे असेल तर रकमेच्या ७५ टक्के आधी भरावे लागतात. उद्यम नोंदणी असलेल्या माझ्यासारख्या उत्पादकाला हा कायदा मिळतो. पण अर्जात घेणाऱ्याचे खरे नाव आणि पत्ता लागतो. तुमच्या पडद्यावरून झालेल्या सौद्यात माझ्याकडे काय असते? एक मोबाइल नंबर, 'ट्रेडर्स' नावाची डीपी आणि एखाद्या ट्रान्सपोर्टच्या गोदामाचा पत्ता. कायदा बंदुकीसारखा भिंतीवर टांगलेला आहे आणि नेम धरायला समोर कोणी नाही.

तुम्ही म्हणाल, लाखो खाती, कशी तपासणार? अन्नाचा धंदा करणाऱ्या प्रत्येकाला, घाऊक असो वा किरकोळ, अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी क्रमांक लागतो. तो खरा की खोटा हे त्यांच्या पोर्टलवर कोणालाही पाहता येते. जीएसटी क्रमांक टाकला तर व्यापाऱ्याचे कायदेशीर नाव, ठिकाण आणि नोंदणी चालू आहे की रद्द, हे सरकारी पोर्टलवर फुकट दिसते. नुसत्या सुट्या डाळीचा धंदा करणाऱ्याला जीएसटी नोंदणी लागत नाही, म्हणून काहींचा तो क्रमांक नसेल; पण अन्नाचा परवाना तर असेल. माझ्यासारखा माणूस चिमणीच्या उजेडात, म्हणजे मोबाइलच्या उजेडात, हे दोन क्रमांक तपासू शकतो. तुम्ही म्हणता तुमच्याकडे कृत्रिम बुद्धिमत्ता आहे. मग घाऊक मागणी नोंदवणाऱ्याला यातला एक क्रमांक सक्तीचा करा, आणि तो माझ्यासमोर उघडा ठेवा. ज्याच्याकडे काहीच नाही त्यालाही येऊ द्या, पण त्याच्या नावापुढे स्पष्ट लिहा: फक्त मोबाइल तपासला आहे. लग्नासाठी वीस किलो डाळ घेणाऱ्या नागपूरच्या त्या भल्या माणसाला दार बंद व्हावे अशी माझी इच्छा नाही. तो पुढे माझ्याकडून डाळ घेऊन गेला.

खात्रीचा आणखी एक भाग आहे आणि तो शासनाच्या ई-नाम या ऑनलाइन बाजारालाही नीट सुटलेला नाही. १४ एप्रिल २०१६ ला ई-नाम सुरू झाले. कल्पना चांगली: कोणत्याही बाजारातला माल कोणत्याही गावाहून घ्यावा. पण तूर दुरून घ्यायची तर ओलावा किती, दाणा कसा, हे कोणी तरी तटस्थपणे सांगायला हवे. मूठभर तूर हातात घेऊन दाताखाली चावून पाहिल्याशिवाय आमचा खरेदीदार बोलत नाही, आणि तो अडाणी म्हणून नव्हे. तुमच्या संकेतस्थळावर डाळीचे जे फोटो असतात त्यातले कितीतरी एकाच ढिगाऱ्याचे आहेत. तो ढिगारा कोणाचा हे देव जाणे. माझ्या मिलचा नक्की नाही, आणि माझ्या पानावरही तोच आहे, कारण पान तुमच्या माणसाने बनवले.

माहितीबद्दल थोडक्यात. तुमच्याकडे नाव नोंदवले त्या आठवड्यापासून मला कर्ज, विमा, वेबसाइट, आयएसओ प्रमाणपत्र, सगळे विकणारे फोन सुरू झाले. माझा नंबर कोणी दिला हे मी सिद्ध करू शकत नाही. मोठ्यांचेही हात या बाबतीत स्वच्छ नाहीत: लोकांच्या ईमेल यादीतल्या ओळखींना त्यांच्या नावाने पुन्हा पुन्हा आमंत्रणे पाठवल्याबद्दल लिंक्डइनला अमेरिकेत २०१५ मध्ये १ कोटी ३० लाख डॉलरची तडजोड करावी लागली. २०१२ मध्ये तिथले पासवर्ड चोरीला गेले. तेव्हा ६५ लाख वाटले, चार वर्षांनी तो आकडा ११ कोटी ७० लाखांवर गेला. आपल्याकडे व्यक्तिगत माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये आला आहे. त्याप्रमाणे माझी माहिती कोणाकोणाला दिली, ती यादी मराठीत, एका बटणावर मिळायला हवी. आणि खाते बंद करण्याचे बटणही तितकेच मोठे असावे जितके पॅक घेण्याचे आहे.

जिल्हा उद्योग केंद्राच्या साहेबांना आता वेगळे सांगतो, कारण तुम्ही अकोल्यात आहात आणि तुमच्याकडे येऊन बसता येते. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत मशीनला ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत अनुदान मिळत आले. त्यातून आणि इतर योजनांतून आमच्या जिल्ह्यात डाळ, मसाले, पापड यांची बरीच युनिटे उभी राहिली. बचत गटांच्या बायांनीही मिनी डाळ मिल घेतल्या. प्रशिक्षणात शेवटच्या तासाला एक साहेब येतात आणि सांगतात, "आता ऑनलाइन या, जग तुमचे गिऱ्हाईक आहे." टाळ्या होतात. त्या तासाला कोणी हे सांगत नाही की पॅक घेण्याआधी काय विचारायचे, क्यूआर कोणाचा स्कॅन करायचा, घेणाऱ्याचा अन्न परवाना कुठे तपासायचा, ४५ दिवसांची तारीख कधीपासून मोजायची. उद्यम नोंदणी फुकट आहे हे सुद्धा किती जणांना माहीत आहे? सरकारी दिसणारी खासगी संकेतस्थळे त्याचे पैसे घेतात आणि आमचे लोक भरतात. मला सभागृह नको, हार नको. तालुक्याच्या ठिकाणी, आठवडी बाजाराच्या दिवशी, एक टेबल आणि एक माणूस द्या. त्याने करार वाचून द्यावा, संशयास्पद चौकशी तपासून द्यावी, थकलेल्या पैशांच्या तक्रारीचा अर्ज भरून द्यावा. अनुदानातल्या एका मशीनच्या पैशात असे टेबल वर्षभर चालेल.

कंपन्यांच्या संचालकांकडे परत येतो. माहिती तंत्रज्ञान नियम, २०२१ प्रमाणे तुमच्याकडे तक्रार अधिकारी असायला हवा. त्याने २४ तासांत पोच द्यायची आणि ठरलेल्या मुदतीत निकाल लावायचा. त्याचे नाव तुमच्या पानाच्या तळाशी, इंग्रजीत, धान्यातल्या खड्यापेक्षा लहान अक्षरात असते. पॅक विकणारी ताई मात्र मराठीत बोलते, गोड बोलते, 'दादा' म्हणते आणि नूतनीकरणाच्या महिन्यात दिवसातून दोनदा फोन करते. तिच्यावर राग नाही. तिलाही आकडा पूर्ण करायचा असतो. माझे म्हणणे इतकेच की जी भाषा पैसे घेताना येते ती तक्रार ऐकतानाही यावी. आणि पॅक वर्षाचा न ठेवता अडतीसारखा ठेवून पाहा: गाठ घालून दिली, सौदा झाला, दोघांनी हो म्हटले, तर टक्का घ्या. मी तो आनंदाने देईन, अकोल्याच्या दलालाला देतोच की. तुम्ही म्हणाल, लोक सौदा झाला तरी झाला नाही म्हणतील. म्हणतील. बाजारात सुद्धा असे होते, म्हणूनच तिथे सौदापट्टी लिहितात.

माझ्या पॅकची मुदत डिसेंबरात संपते आहे आणि नूतनीकरणाचे फोन सुरू झाले आहेत. एक चौकशी किती जणांना दिली ते दाखवणार का, तपासल्याच्या खुणेमागे काय तपासले ते लिहिणार का, आणि खोट्या चौकशीचा टोकन परत करणार का, या तीन प्रश्नांचे लेखी उत्तर आल्याशिवाय मी पैसे भरणार नाही. उत्तर लवकर द्यावे. जानेवारीत नवी तूर बाजारात आली की सकाळी हर्रास आणि दिवसभर मिल, मग पत्र वाचायला सवड होत नाही.

कळावे,
तेल्हारा तालुक्यातला एक डाळ मिलवाला